अंगातली शेगडी

शैलजाबाई पारसनीस मिरजेहून हॅलबर्नला आल्या त्या नेमक्या नोव्हेंबरात. विमानतळाच्या दाराबाहेर त्यांनी पहिला श्वास घेतला, नाकातल्या नाकात काहीतरी टोचल्यासारखं झालं आणि त्या सुनेचा दंड घट्ट धरून म्हणाल्या, "केतकी, इथलं काहीतरी बिघडलंय गं."

बिघडलेलं काही नव्हतं. उणे एकतीस होतं, एवढंच. कॅनडाच्या प्रेअरीवर, चारी बाजूंना सपाट गव्हाची रानं असलेल्या त्या शहरात नोव्हेंबरअखेर तेवढं असायचंच. मध्ये अडवायला टेकडी नाही, डोंगर नाही. उत्तरेकडून निघालेला वारा थेट हॅलबर्नच्या बसथांब्यावर येऊनच थांबायचा. पार्किंगमध्ये केतकीच्या गाडीच्या नाकातून निघालेली वायर खांबावरच्या प्लगात घुसलेली पाहून शैलजाबाई उभ्याच राहिल्या.

"ही तर पेट्रोलची ना? मग हिला सलाईन कशाला?"

"इंजिन गोठू नये म्हणून, अहो आई. वायर काढायला विसरलं तर चालतं, लावायला विसरलं तर घरी चालत जायचं."

शैलजाबाईंना मात्र जास्त नवल वाटलं ते पुढेच. बर्फ भुरभुरत होतं आणि रस्त्यानं माणसं नुसत्या शर्टांवर चालली होती. एक बाई बिनबाह्यांच्या झग्यात कुत्रं फिरवत होती. कुत्र्याच्या अंगात स्वेटर होता, बाईच्या नव्हता.

तान्ह्या बाळाला हुडहुडी भरत नाही, हे चार बाळंतपणं पाहिलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. का भरत नाही, हे शास्त्रज्ञांना बरंच उशिरा कळलं. बाळाच्या मानेभोवती आणि खांद्यांमागे एक तपकिरी चरबी असते. आपली नेहमीची पांढरी चरबी म्हणजे कोठीघर. खाल्लेलं जास्त झालं की तिथे जाऊन पडतं. तपकिरी चरबी साठवत नाही, जाळते. पेशीत अन्नापासून शक्ती काढणारे बारीक बारीक कारखाने असतात. तपकिरी चरबीत एक प्रथिन या कारखान्यांना गळती लावतं, आणि शक्ती कामाला जाण्याऐवजी तिथल्या तिथे उष्णता होऊन अंगभर पसरते. मोठेपणी ही चरबी जवळपास संपते. हॅलबर्नमध्ये मिळणाऱ्या इंजेक्शननं पोटापाठीवरच्या पांढऱ्या चरबीला ते प्रथिन पुन्हा बनवायला शिकवलं होतं. त्याचं कंपनीनं ठेवलेलं नाव लांबलचक होतं. तिथल्या मराठी मंडळात सगळे त्याला शेगडी म्हणत. "शेगडी घेतली का?" हा प्रश्न "जेवलात का?" इतक्या सहज विचारला जायचा.

पहिल्या वर्षी एक अडचण आली होती. अंग आतून गरम असलं तरी वारा लागला की कातडी मेंदूकडे बोंब ठोकायची, आणि मग उगीचच कुडकुडणं, बोटं ठणकणं. गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या. म्हणून दुसऱ्या आवृत्तीत कंपनीनं कातडीतले थंडी आणि थंडीचा ठणका ओळखणारे तंतूच गप्प केले. कुत्रं भुंकून झोपमोड करतं म्हणून त्याचं तोंड बांधून ठेवावं, तसला हा शहाणपणा. पण सगळे खूश झाले. केतकीही झाली.

शेगडी म्हटली की कोळसा आलाच. जागेपणी दर तीन तासांनी काहीतरी खायचं, हा नियम. त्यासाठी मनगटात घालायला एक कडं मिळायचं. ते आतलं तापमान थेट मोजायचं नाही. मनगटाची ऊब आणि शेवटचं खाणं कधी झालं याची नोंद, यांवरून हिशेब बांधायचं. वेळ चुकली की कडं थरथरायचं आणि घरच्यांच्या फोनवर संदेश यायचा. खाल्लं की फोनवरचं 'खाल्लं' असं बटण दाबायचं, की कडं पुढचे तीन तास गप्प.

एवढं सोपं झाल्यावर शहर बदलायला कितीसा वेळ लागणार? बसथांब्यांवरच्या काचेच्या गरम खोल्या काढून टाकल्या. उणे सत्तावीसच्या खाली पारा गेला की शाळेतली मुलं सुट्टीत आत बसायची, तो नियम गेला. आता शेगडी नसलेल्या मुलाला प्रवेशच नव्हता. केतकी राहत होती त्या चार मजली इमारतीच्या मालकानं हीटर तेरा अंशांवर आणून ठेवला. "सगळ्यांकडे आहे ना आता?" तो म्हणाला. सगळ्यांकडे नव्हती. तळमजल्यावर राहणाऱ्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या ओरेस्टकडे नव्हती. आणि आता तिसऱ्या मजल्यावर, दोन शाली आणि मुलाचं जॅकेट पांघरून ओव्हनसमोर बसलेल्या शैलजाबाईंकडे नव्हती.

केतकीला त्यांची दया यायची हे खरं. पण नुसती दया नव्हती, तिला त्यांची गरजही होती. तिचा नवरा निनाद पोटॅशच्या खाणीवर, दोन आठवडे तिकडे आणि दोन घरी. तिला बसडेपोच्या कंट्रोल रूममध्ये सकाळची पाळी मिळाली होती, सहाची. साडेसात वर्षांच्या लेकीला, रेवाला, पावणेनऊला शाळेत पोहोचवणार कोण? सासूबाईंना त्यासाठीच बोलावलं होतं, आणि सासूबाई दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हत्या.

"एक सुई तर आहे, अहो आई. रेवानंसुद्धा घेतली, रडली नाही."

"या वयात अंगात असलं काही घालून घ्यायचं म्हणजे…"

"तुमच्याच वयाच्या माणसांसाठी आहे. डॉक्टर म्हणाले."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. म्हातारं, बारीक अंग असेल तर खाण्याची वेळ अजिबात चुकवू नका, असं मात्र ते म्हणाले होते. कोठीघरच रिकामं असलं तर शेगडी जाळणार काय? केतकीनं मान डोलावली होती. घरात खायला कमी नव्हतं.

डिसेंबरात शैलजाबाईंनी शेगडी घेतली आणि आठवड्याभरात त्यांचा नूर पालटला. नऊवारी नेसून त्या बर्फातून रेवाला शाळेत नेऊ लागल्या. येताना गोठलेल्या नदीवर पोरं घसरत असायची, ते बघत बाकावर बसायच्या. "मिरजेत माघात सुद्धा मला शाल लागते," त्या फोनवर बहिणीला सांगत, "आणि इथे बघ, नुसत्या पोलक्यावर आहे!" आजी आणि नात एकमेकींना अशा चिकटल्या की रेवा शाळेतून आल्यावर आईकडे बघेनाशी झाली. आजी करेल ते तिला करायचं असायचं. आजीनं कुंकू लावलं की हिला टिकली हवी.

अडचण आली ती उपासांची.

जानेवारीतल्या संकष्टीला केतकीचा फोन कामावर अकरा वेळा वाजला. 'शैलजा: खाणं चुकलं.' 'शैलजा: खाणं चुकलं.' तिनं घरी फोन केला तर सासूबाई कावलेल्या. "अगं, हे कडं सारखं खा खा करतंय! चंद्रोदय झाल्याशिवाय मी खाणार आहे का? चाळीस वर्षांत मोडली नाही संकष्टी. बंद कर बाई ते."

"थोडं दूध तरी घ्या ना."

"तुझ्या घरी आले म्हणून धर्म सोडू?"

आता सासूबाईंशी वाद घालायचा कुणी? आणि त्या घरातच तर होत्या. केतकीनं 'खाल्लं' दाबलं. तीन तासांनी पुन्हा दाबलं. कडं गप्प झालं, सासूबाई गप्प झाल्या, रात्री मोदक मिळाले. पुढच्या एकादशीला तिनं न विचारताच दाबलं. सुनेनं सासूचा उपास सांभाळायचा असतो. हॅलबर्नमध्ये तो असा सांभाळता येत होता. मनात कुठेतरी खुटखुटायचं, नाही असं नाही. पण आत्तापर्यंत काही झालं होतं का?

एकदा कचरा टाकायला गेली असताना जिन्यात ओरेस्ट भेटला. लोकरीची टोपी, त्यावर आणखी एक कानटोपी, गुडघ्यापर्यंत बूट, कोपरापर्यंत हातमोजे. शेगडीवाली पोरं त्याला अस्वल म्हणून चिडवायची.

"तुम्ही का घेत नाही हो?" केतकीनं विचारलं.

"माझा बाप रेल्वेच्या सायडिंगवर काम करायचा," ओरेस्ट म्हणाला. "एका सकाळी त्याची दोन बोटं दुखायची थांबली. तो खूश झाला, म्हणाला, चला, बरं वाटतंय. ती दोन्ही बोटं गेली." त्यानं हातमोजा काढून स्वतःची दहा बोटं तिच्यासमोर हलवली. "माझी अजून दुखतात."

केतकी हसली. जुनी माणसं असं बोलतातच.

रथसप्तमी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आली. शैलजाबाईंचं वर्षाचं व्रत ते. षष्ठीला एक वेळ जेवायचं, आणि सप्तमीला सूर्य उगवताना अंगणात बोळक्यात दूध तापवायचं. ते उतू गेल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. बोळकं त्यांनी मिरजेहून पातळात गुंडाळून आणलं होतं. गोवऱ्या केतकीनं ऑनलाइन मागवून दिल्या आणि डब्यावरचं 'शंभर टक्के शुद्ध' वाचून दोघी पोट धरून हसल्या.

"अंगणात नको, बाल्कनीत करा," केतकी आदल्या संध्याकाळी म्हणाली.

"बाल्कनी पश्चिमेला आहे. सूर्याला पाठ दाखवू?"

"मग पटकन आटपा. रेवाला शाळेत दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला तर होऊ दे. उद्या उणे एकोणचाळीस सांगितलंय."

"मला कुठे थंडी वाजते आता?" शैलजाबाई म्हणाल्या.

सकाळी सहाला केतकी डेपोत पोहोचली ती धांदलीतच. उणे एकोणचाळीसला बसचे दरवाजे गोठतात, ब्रेकच्या नळ्यांत बर्फ होतं. चौदा गाड्या जागच्या हलेनात. दोन्ही कानांना फोन, समोर सहा पडदे. सात वाजून बारा मिनिटांनी तिचा स्वतःचा फोन टेबलावर थरथरला. खाणं चुकलं. तिनं अंगठ्यानं 'खाल्लं' दाबलं आणि अकरा नंबरच्या ड्रायव्हरशी बोलत राहिली. थोड्या वेळानं पुन्हा थरथरला. काय कटकट आहे, मघाशी दाबलेलं लागलं नाही वाटतं, असं मनाशी म्हणत तिनं न बघता पुन्हा दाबलं.

नऊ वीसला शाळेचा संदेश आला. 'रेवा पारसनीस आज शाळेत आलेली नाही. कृपया कारण कळवा.'

तिनं घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सासूबाईंचा मोबाइल लावला, तोही वाजत राहिला. पूजेच्या वेळी त्या फोन आत ठेवतात हे तिला माहीत होतं. पण सूर्य पावणेनऊला उगवला होता. पस्तीस मिनिटं झाली होती. दूध उतू जायला पस्तीस मिनिटं?

तेव्हा तिनं फोनवरची सकाळची नोंद उघडली.

७:१२, शैलजा: खाल्लं.
७:२६, रेवा: खाल्लं.

रेवा. दुसरा संदेश रेवाचा होता. आजी करेल ते रेवाला करायचं असतं. आजीचा उपास म्हणजे हिचाही उपास, आणि आईनं दोघींची कडी साडेदहापर्यंत गप्प करून टाकली होती.

केतकी कुणाला काही न सांगता उठली. गाडीकडे पळताना वायर काढायचं राहिलं आणि ती खांबावरून तटकन तुटून गाडीमागे फरफटत आली. वाटेत तिनं अँब्युलन्सला फोन केला. काय झालंय, असं पलीकडच्या बाईनं विचारलं तेव्हा तिला सांगताच येईना. "माझी मुलगी बाहेर आहे," ती म्हणाली. "बाहेर आहे आणि तिनं खाल्लेलं नाही." पलीकडची बाई शहाणी असावी, तिनं फक्त पत्ता विचारला. काचेबाहेर ऊन लख्ख होतं. हवेत बर्फाची भुकटी तरंगत होती आणि माणसं शर्टांवर कामाला निघाली होती. प्रत्येक सिग्नलला केतकी मोठ्यानं बोलत होती. ती देवाशी बोलत होती की स्टेअरिंगशी, तिला आठवत नाही.

इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत शैलजाबाई पूर्वेला तोंड करून पाटावर बसल्या होत्या. अंगावर नारायणपेठी साडी, पाय उघडे. पूजेला बसताना कुणी चपला घालतं का? बर्फावर शिंपलेल्या कुंकवाच्या सूर्यासमोर विटांच्या चुलीत गोवऱ्या धुमसत होत्या आणि बोळक्यातल्या दुधावर काठाकाठानं बर्फाची साय आली होती. जरा वाफ धरली की वारा ती उडवून न्यायचा. आणि दूध उतू गेल्याशिवाय उठायचं नव्हतं.

शेजारी, आजीच्या मांडीला टेकून, परकर-पोलक्यात रेवा बसली होती. तिचेही पाय उघडे होते. पोटऱ्यांपर्यंत लालबुंद, आणि खाली पावलं पांढरी, मेणाची करावीत तशी.

"आलीस?" शैलजाबाई जडावल्या जिभेनं म्हणाल्या. "बरं झालं. बघ गं, तीन सूर्य! साक्षात दर्शन दिलंय." खरंच आकाशात सूर्याच्या दोन्ही अंगांना दोन फिकट सूर्य उगवले होते. हवेतल्या बर्फकणांवर प्रकाश वळला की प्रेअरीवर असे दिसतात; कडाक्याच्या थंडीचीच ती खूण. "ऊन कसं छान लागतंय," त्या म्हणाल्या आणि खांद्यावरचा पदर सैल करू लागल्या.

केतकीनं रेवाला उचललं. पोर ओल्या पोत्यासारखी जड लागली.

"आई, थांब ना," रेवा पुटपुटली. "दूध व्हायचंय अजून. मला मुळीच थंडी वाजत नाहीये."

तिला खरंच वाजत नव्हती. तिचे दात वाजत नव्हते, अंग थरथरत नव्हतं, ती रडत नव्हती. केतकीनं तिचं पाऊल हातात धरलं आणि ते दारातल्या बर्फाइतकंच कडक लागलं तेव्हा किंचाळली ती केतकीच. रेवानं तिच्याकडे नुसतं नवलानं पाहिलं.

मागचं दार धाडकन उघडलं आणि ओरेस्ट दोन गोधड्या घेऊन पळत आला. ऐंशीच्या घरातला माणूस, पण त्यानं शैलजाबाईंना पाटासकट उचललं. "मी खिडकीतून बघत होतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "अर्धा तास बघत होतो. तुम्ही लोक असेच बसता, म्हणून मला वाटलं…" तो रडत होता आणि त्याच्या गालावर ते लगेच गोठत होतं.

इस्पितळात दोघींना शेजारशेजारच्या खाटांवर ठेवलं. तरुण डॉक्टर पडद्यावरची नोंद वाचत म्हणाला, "सव्वासात आणि साडेसात. दोघींनी खाल्लंय, म्हणजे इंधन आहे, फक्त जळणं मंदावलंय. जळणं वाढवणारं औषध देऊ. अर्ध्या तासात अंग तापेल." परिचारिकेनं सिरिंज भरायला घेतली.

 शैलजाबाई डोळे उघडे ठेवून केतकीकडेच बघत होत्या. निनाद खाणीवरून व्हिडिओवर होता. त्याचा घाबरा चेहरा खाटेच्या कडेला टेकवलेल्या फोनमध्ये होता. नोंद खोटी आहे हे त्या खोलीत केतकीला एकटीला ठाऊक होतं. गप्प बसलं असतं तर सगळ्यांनी आजीलाच दोष दिला असता, तिच्या सोवळ्याला, तिच्या हट्टाला. हा विचार केतकीच्या मनात आला. आला, हे ती पुढे कधी नाकारू शकली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "त्यांनी खाल्लेलं नाही. काल दुपारपासून आईंनी नाही, आणि रात्रीपासून रेवानं नसेल. ते मी दाबलं. दोन्ही मीच."

डॉक्टरनं परिचारिकेचा हात धरला. त्याचा चेहरा पार उतरला होता. पोटात काही नसताना ते औषध दिलं असतं तर शेगडीनं रक्तातली उरलीसुरली साखर ओढून घेतली असती, मेंदूची आणि हृदयाचीसुद्धा. त्यानं हे नंतर सांगितलं. त्या क्षणी तो फक्त "ग्लुकोज, लवकर!" एवढंच ओरडला.

"केतकी, काय म्हणालीस तू?" फोनमधून निनाद विचारत होता. "तू काय दाबलंस?"

गोठलेलं अंग पुन्हा तापताना माणूस ठणक्यानं ओरडतो. नसांत रक्त परत शिरतं ते सुया टोचत शिरतं. कोमट पाण्यात पाय बुडवलेली रेवा तासभर शांतपणे भिंतीवरचं चित्र बघत पडली होती. पायांवर फोड उमटत होते, पावलं काळीनिळी होत होती, आणि ती विचारत होती, "घरी कधी जायचं?" जुन्या परिचारिका अशा मुलांजवळ थांबत नसत. एखादी यायची, पाण्याचं तापमान बघायची आणि पाठ फिरवून निघून जायची.

रेवाचं उजव्या पायाचं एक बोट गेलं. शैलजाबाईंची दोन्ही पावलं अर्धीअधिक गेली.

शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस त्या बोलल्या नाहीत. केतकी त्यांना भरवायची, त्या खायच्या, वेळेवर, न सांगता. एका दुपारी त्यांनी घास तोंडात असतानाच विचारलं, "माझ्यासाठी किती वेळा दाबलंस गं ते?"

"पहिल्या संकष्टीपासून."

"मग मला एकदा सांगायचंस तरी. मला वाटायचं, देव सांभाळतोय." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. केतकीनं वाटी खाली ठेवली आणि त्यांचे पाय जिथे संपत होते तिथे चादरीवर डोकं टेकून ती रडली. शैलजाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण तिला ऊठही म्हणाल्या नाहीत.

शेगडी काढता येते. चरबी महिनाभरात परत पांढरी होते. गप्प केलेले तंतू मात्र बोलते होतीलच याची खात्री नसते. मोठ्यांत बहुधा होतात, वाढत्या मुलांत निम्म्यांना होत नाहीत. "वाट बघा," डॉक्टर म्हणाला. "तोपर्यंत हिच्या अंगात शेगडीही नाही आणि थंडी कळणंही नाही. हिला एकटीला दाराबाहेर सोडू नका. एक मिनिटसुद्धा."

तिघींनीही शेगडी काढली. शाळेनं नियमावर बोट ठेवून रेवाचं नाव कमी केलं. केतकीनं सकाळची पाळी सोडली. निनाद खाणीवरून आला की तीनच प्रश्न विचारायचा: रेवा कुठे आहे, कुणाजवळ आहे, खाल्लं का. शेवटचा विचारताना तो बायकोच्या डोळ्यांत बघायचा नाही. घरात तेरा अंशांत सगळे शालीत बसायचे. केतकी दाराला आतून दोन कड्या घालायची आणि झोपेतून उठून पुन्हा चाचपून बघायची.

महिन्याभरानं केतकीची थंडी परत आली. भांडी घासताना नळाचं पाणी बोचलं आणि ती हात पाण्याखाली धरून तशीच उभी राहिली. आठवड्यानं शैलजाबाईंची आली. नसलेली बोटं दुखतात म्हणून त्या कण्हायच्या.

रेवाची रोज सकाळी परीक्षा असायची. केतकी तिला कुशीत घट्ट धरून बाल्कनीचं दार वीतभर उघडायची आणि तिचा हात कोपरापर्यंत बाहेर काढायची. मनात दहा आकडे मोजायची. "काही थंडी वाजतेय, बाळा?" रेवा मान हलवायची. नाही. आईचा चेहरा पडायचा, आजी खुर्चीतून देवाकडे बघायची, बाबा घरी असला तर उठून आत जायचा. असं सव्वीस दिवस चाललं.

सत्ताविसाव्या दिवशी बाहेर उणे अठ्ठावीस होतं. केतकीनं दार उघडलं, हात बाहेर काढला. चार आकडे मोजले नाहीत तोच रेवा दचकली.

"आई गं! वाजतेय! खूप थंडी वाजतेय!"

"अहो आई, ऐकलंत?" केतकी ओरडली. शैलजाबाईंनी दोन्ही हात जोडले, निनाद आतून धावत आला, त्यानं लेकीला आणि बायकोला एकदमच मिठीत घेतलं. कितीतरी दिवसांनी घेतलं. रेवा सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत हसत होती.

दार उघडंच राहिलं होतं. वारा आत येत होता. केतकीच्या हातावर सरसरून काटा उभा राहिला. आणि त्या हाताला टेकलेला, दाराबाहेर तसाच राहिलेला रेवाचा हात तिनं पाहिला. गुळगुळीत होता. एक केस उभा नव्हता. बोटांची टोकं पांढरी पडायला लागली होती आणि रेवानं ती आत ओढली नव्हती.

केतकीनं तिच्याकडे पाहिलं. रेवाचं हसू जरासं ढळलं. मग तिनं आजीसारखे खांदे आवळले, दातांवर दात आपटून दाखवले आणि आईच्या चेहऱ्यावरची नजर न काढता हळूच विचारलं, "अशीच वाजते ना?"